आजीच्या गोष्टी इंग्रजीत नेणारी बाई

पुढच्या पानांतल्या गोष्टी मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाहीत. सात राजकन्या, त्यांना छळणारी सावत्र आई, पोपटात जीव ठेवलेला मांत्रिक, शहाणा कोल्हा, चिमणी आणि कावळा ही सगळी मंडळी आपल्या घरातलीच. तरी या गोष्टी आपल्याकडे आल्या आहेत त्या लंडनला वळसा घालून. १८६८ साली जॉन मरे या प्रकाशकाने ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाचे पुस्तक काढले. आपल्याकडे तोंडी चालत आलेल्या २४ गोष्टी त्यात इंग्रजीत होत्या. सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकून इंग्रजीत छापलेल्या हिंदुस्थानी लोककथांचा हा पहिला संग्रह मानला जातो. संग्राहक म्हणून नाव होते मेरी फ्रिअरचे. विस्तृत प्रस्तावना तिच्या वडिलांची, सर बार्टल फ्रिअर यांची. ते १८६२ ते १८६७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. चित्रे तिच्या बहिणीची, कॅथरिनची. एकाच घरातल्या तिघांनी पुस्तक उभे केले, पण अनुवादकाची जागा रिकामी राहिली. गोष्टी इथल्या, भाषा इंग्रजी, मग मधले काम कोणाचे, हा प्रश्न हे पुस्तक हाती घेणाऱ्यांनी क्वचितच विचारला. उत्तर मात्र पुस्तकाच्याच पोटात आहे. ते काम अ‍ॅना लिबेराता डिसोझा या आयाने केले. ‘गोष्टी सांगणारी बाई’ म्हणून तिचा उल्लेख अभ्यासक करतात. माझे म्हणणे असे की तेवढे पुरेसे नाही, तिला या पुस्तकाची अनुवादक म्हटले पाहिजे. ही प्रस्तावना त्याच एका मुद्द्यासाठी लिहिली आहे.

घडले ते असे. १८६५-६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नर फ्रिअर दख्खन आणि दक्षिण मराठी मुलखाच्या दौऱ्यावर निघाले. वीस वर्षांची मेरी बरोबर होती. छावणीत तिच्या बरोबरीची दुसरी कोणी बाई नव्हती, दिवस लांब होते, आणि वाचन, लेखन, चित्रे काढणे यांचाही कंटाळा येत होता. तेव्हा तिने अ‍ॅनाला एखादी गोष्ट सांगायला सांगितले. अ‍ॅना आधी जमणार नाही म्हणाली. मग लहानपणी आजीने सांगितलेली एक गोष्ट आठवून आठवून तिने सांगितली. ती ‘पंचकिन’, पुस्तकातली पहिली. तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या. मेरीने या बैठकांचे वर्णन मन लावून केले आहे. अ‍ॅना जमिनीवर मांडी घालून बसे, शून्यात नजर लावून सांगत राही. मध्येच कोणी आत आले, बोलणे तुटले, तर तुटल्या जागेपासून पुढे जाणे तिला जमत नसे. गोष्ट पहिल्यापासून सुरू करावी लागे. अकरा वर्षांची असताना आजी वारली, त्यानंतर या गोष्टी तिने कोणाकडून ऐकलेल्या नव्हत्या. मेरी ऐकता ऐकता टिपणे करी, मागाहून गोष्ट सविस्तर लिहून काढी, आणि लिहिलेले अ‍ॅनाला वाचून दाखवी. तपशील चुकू नये म्हणून ही खबरदारी होती.

या हकिकतीत दोन गोष्टी माझ्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. अ‍ॅनाने गोष्टी मेरीला इंग्रजीत सांगितल्या. दुभाष्या नव्हता, मुन्शी नव्हता. आजीने नातीला ज्या बोलीत गोष्ट सांगितली ती इंग्रजी असणे शक्यच नव्हते. म्हणजे आजीची बोली ते साहेबाची भाषा हा सगळा प्रवास अ‍ॅनाच्या डोक्यात आणि जिभेवर झाला, मेरीच्या कानावर पडण्याआधीच. पहिल्यापासून सुरुवात करण्याच्या तिच्या सवयीकडे मेरीने स्मरणशक्तीची खूण म्हणून पाहिले. ते खरे असेल. पण तिथे स्मरणाच्या जोडीने आणखी एक काम चालले होते, असा माझा तर्क आहे. एका भाषेत ऐकलेले दुसऱ्या भाषेत ओतत असताना कथेचा ओघ हाताशी धरून ठेवावा लागतो, आणि तो एकदा सुटला की मधूनच पकडता येत नाही. दुसरी गोष्ट वाचून दाखवण्याची. लिहिलेली इंग्रजी ऐकून ‘बरोबर’ किंवा ‘असे नाही’ म्हणण्याचा अधिकार अ‍ॅनाकडे होता. मूळ तिलाच ठाऊक होते. आज अनुवादक छापण्याआधी आपली संहिता तपासतो, ते याहून वेगळे काय करतो?

याच काळातला दुसरा एक संग्रह शेजारी ठेवला की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मेव्ह स्टोक्स या इंग्रज मुलीने कलकत्त्यात आपल्या घरातल्या दोन आया, डंकनी आणि मुनिया, आणि खिदमतगार करीम यांच्याकडून हिंदुस्थानीत गोष्टी ऐकल्या आणि त्यांचे इंग्रजी केले. ‘इंडियन फेअरी टेल्स’ हे ते पुस्तक १८८० मध्ये लंडनला निघाले. त्याच्या शीर्षकपानावर ती संग्राहक आणि अनुवादक अशा दोन्ही नात्यांनी आहे, आणि ते रास्तही आहे, कारण सांगणारे हिंदुस्थानीत सांगत होते आणि इंग्रजी तिने केली. मेरी फ्रिअरने स्वतःला अनुवादक म्हटले नाही. तोंडी परंपरेतून गोळा केलेल्या कथा, एवढेच तिच्या शीर्षकपानावर आहे. हे तिच्या प्रामाणिकपणाला धरून होते. तिने न केलेल्या कामाचे श्रेय तिने घेतले नाही, पण ते काम ज्या नावावर जमा व्हायला हवे होते त्या नावापुढेही कोणी ते लिहिले नाही.

स्टोक्सच्या त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती डब्ल्यू. आर. एस. रॅल्स्टन यांनी. हे गृहस्थ ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि रशियन शिकून त्यांनी रशियन लोकवाङ्मय इंग्रज वाचकांपुढे ठेवले. १८६९ मध्ये क्रिलोवच्या नीतिकथा, १८७२ मध्ये रशियन लोकगीते, १८७३ मध्ये ‘रशियन फोक-टेल्स’. त्यांचा मुख्य आधार होता अफानास्येवचा प्रचंड संग्रह, जो १८५५ पासून भागाभागांनी निघत होता. आज रॅल्स्टनचे नाव अभ्यासकांखेरीज कोणाला माहीत नाही. पण विस्मृतीतही पायऱ्या असतात. रॅल्स्टनचे नाव पुस्तकावर आहे, ग्रंथालयाच्या सूचीत आहे, चरित्रकोशात आहे. शोधणाऱ्याला ते सापडते. अ‍ॅनाने जे काम केले ते याच जातीचे. तिच्यापुढे छापील संग्रह नव्हता, शब्दकोश नव्हता, अकराव्या वर्षापर्यंत कानावर पडलेले तेवढे होते. आणि तिचे नाव सूचीत नाही. स्वतः रॅल्स्टनने आपल्या रशियन कथांवरच्या टिपांत ‘ओल्ड डेक्कन डेज’चा आधार घेतला आहे. रशियन कथांचा इंग्रजी अनुवादक आपल्या कथांचे नातेवाईक शोधताना पुण्याकडच्या एका आयाच्या इंग्रजीवर विसंबतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नाते कोणते ते ‘पंचकिन’ वाचताना दिसेल. पंचकिन हा मांत्रिक राजकन्या बालनाला बारा वर्षे कोंडून ठेवतो. तिचा मुलगा मोठा होऊन तिला शोधत येतो, आणि आईकरवी मांत्रिकाचे मर्म काढून घेतो. दूर जंगलात ताडांचे रिंगण आहे, मध्ये पाण्याच्या सहा घागरी एकावर एक, खाली पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, आणि पोपटात पंचकिनचा जीव. मुलगा पोपटाचे पंख तोडतो तसे मांत्रिकाचे हात गळतात, पाय तोडतो तसे पाय, शेवटी मान. रशियन कथेतल्या अमर कोशेईचा मृत्यू अंड्यात असतो, अंडे बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी ओकच्या झाडाखाली. दोन्ही कथांचा सांगाडा एकच. जेम्स फ्रेझरने ‘गोल्डन बाऊ’मध्ये शरीराबाहेर ठेवलेल्या जिवाबद्दल जगभरच्या कथा मांडल्या, त्यात कोशेई आहे आणि पंचकिनही. जोसेफ जेकब्सने १८९२ मध्ये इंग्रज मुलांसाठी हिंदुस्थानी परीकथांचे पुस्तक केले, त्यात ‘पंचकिन’ घेतली आणि सूर्य, चंद्र, वारा जेवायला गेल्याची गोष्टही घेतली. मुळात ‘ओल्ड डेक्कन डेज’ जर्मन, हंगेरियन, डॅनिश या भाषांत गेले आणि पुढे मराठी, हिंदुस्थानी, गुजरातीतही परतले. लोककथांच्या तौलनिक अभ्यासाची पहिली पन्नास वर्षे ज्या थोड्या पुस्तकांवर उभी आहेत त्यांत हे एक आहे. एवढ्या प्रवासात पुढच्या भाषांतरकारांची नावे कुठे ना कुठे नोंदली गेली असतील. पहिल्या भाषांतराचे तेवढे राहिले.

पहिला आक्षेप उघड आहे आणि तो हलका नाही. अ‍ॅनाची इंग्रजी मोडकीतोडकी होती, हे खुद्द मेरीने लिहिले आहे. छापलेल्या गोष्टींची भाषा मात्र घोटीव आहे, व्हिक्टोरियन घरातल्या मुलांना वाचून दाखवावी अशी. वाक्ये मेरीची, शब्दांची निवड मेरीची, मग अनुवादक मेरी नव्हे का? याचे उत्तर पुस्तकानेच सोपे केले आहे. त्यात कथांखेरीज ‘निवेदिकेचे निवेदन’ असा एक भाग आहे. अ‍ॅनाने आपल्या घराण्याची आणि आयुष्याची हकिकत सांगितली, ती मेरीने शक्य तितकी अ‍ॅनाच्याच शब्दांत ठेवली. त्यामुळे एकाच पुस्तकात दोन इंग्रजी शेजारी शेजारी आहेत. निवेदनाची इंग्रजी वाचली की अ‍ॅनाला काय येत होते ते कळते. व्याकरण डळमळते, पण प्रसंग, माणसे, काळाचा क्रम, दुःख, उपहास यांपैकी काहीही हातून निसटत नाही. याच भाषेत तिने चोवीस गोष्टी सांगितल्या असणार. मेरीने त्यांना इस्त्री केली. इस्त्रीचे श्रेय तिला द्यावेच, तिच्यासारखा कान असलेली संपादक मिळाली नसती तर पुस्तक झाले नसते. पण संपादन आणि अनुवाद ही दोन कामे आहेत. आज एखाद्या अनुवादकाची भाषा प्रकाशनगृहात सफाईने दुरुस्त झाली, तर मुखपृष्ठावरून त्याचे नाव आपण काढत नाही. शिवाय मेरीकडे दुरुस्त करायला जे आले ते इंग्रजीतच आले होते. मूळ बोलीतली एकही गोष्ट तिने कधी ऐकली नाही.

दुसरा आक्षेप गोष्टींच्या अस्सलपणाबद्दलचा. अ‍ॅनाचे घराणे मूळचे लिंगायत, कालिकतचे. तिथून ते गोव्याकडे आले, ख्रिस्ती झाले. आजोबा इंग्रजांच्या फौजेत शिरले. खडकीच्या १८१७ च्या लढाईची आठवण त्या घरात आहे. मग पुण्याची छावणी. अशा घरात ज्या गोष्टी टिकल्या त्यांना दख्खनच्या म्हणायचे की मलबारच्या, हिंदू म्हणायचे की ख्रिस्ती घरातल्या? शिवाय सांगणारी अकराव्या वर्षानंतर त्या विसरत चाललेली. असा ऐवज भरवशाचा कसा धरावा? मला वाटते, या आक्षेपामागे लोककथा एका गावात, एका जातीत, एका भाषेत नांदते अशी समजूत आहे, आणि पुस्तकातला पुरावा तिच्या विरुद्ध जातो. नायिकांची नावे पाहा. सेवंतीबाई, सूर्याबाई, सोदेवाबाई. बाईच्या नावापुढे ‘बाई’ जोडण्याची ही रीत मराठी मुलखात रोजची. कालिकतहून निघालेली गोष्ट पुण्याला पोचेपर्यंत तिने मराठी लुगडे नेसले आहे. स्वार्थी चिमणी आणि बेघर कावळे यांची गोष्ट घ्या. मुसळधार पाऊस, कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दारी येतो, ती काही ना काही काम सांगून त्याला थांबवते. मराठी घरात शहाणपण चिमणीकडे असते आणि मुले तिच्या बाजूने असतात. अ‍ॅनाच्या पुस्तकात मथळ्यातच चिमणी स्वार्थी ठरते. हा फरक कालिकतचा, गोव्याचा, आजीचा, अ‍ॅनाचा की मेरीचा, याचा निवाडा करायला मूळ बोलीतली गोष्ट हाताशी हवी. पण कथा सांगणाऱ्या घराबरोबर हिंडते आणि हिंडताना पक्ष बदलते, एवढे त्यातून नक्की दिसते. कालिकत, गोवे आणि पुण्याची छावणी अशा तीन ठिकाणांमधून आलेल्या घराला एका भाषेत जगणे परवडलेच नसते. अशा घरातली मुलगी लहानपणापासून भाषांतर करतच वाढते. तिचा ऐवज सरमिसळ आहे म्हणून कमी भरवशाचा मानावा, याचे कारण मला दिसत नाही. सरमिसळ हीच त्या ऐवजाची खरी जन्मकथा आहे, आणि ती लपवण्यापेक्षा नोंदवणे अभ्यासाच्या हिताचे.

निवेदनाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण पुष्कळ वाचक ते ओलांडून गोष्टींकडे जातात. सात भाऊ आणि एक बहीण, बाराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी नवऱ्याचा मृत्यू, मग नोकरी आणि नोकरीसाठी इंग्रजी. एकुलता मुलगा पुण्यात नदीत बुडून गेला, त्याला फार दिवस झाले नव्हते, तेव्हाचे हे बोलणे आहे. आजीच्या काळची स्वस्ताई आणि आताची महागाई यांची तुलनाही ती करते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, मुंबई इलाख्यात पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये तो ओसरला, त्या वर्षांत पगारावर जगणाऱ्या बाईचा हा अनुभव आहे. गव्हर्नरच्या मुलीपुढे बसून ती हे बोलते, आणि मेरी ते छापते. या दोघींमधले अंतर कोणी विसरू नये. एकीच्या वडिलांच्या हाती इलाखा, दुसरीची भाकरी त्या घरावर अवलंबून. म्हणूनच काही अभ्यासक म्हणतील की मालकिणीने सांग म्हटल्यावर सांगणाऱ्या बाईला अनुवादक म्हणणे म्हणजे सक्तीला मानाचा शेला पांघरणे होय. या म्हणण्याचे वजन मी मानतो. पण नोकरीत केलेले काम कामच असते. राजाच्या आज्ञेवरून ग्रंथ लिहिणाऱ्या पंडितांना आपण ग्रंथकार म्हणतो. त्यांनी नकार दिला असता तर काय झाले असते, असे विचारून त्यांचे कर्तृत्व कमी करत नाही. आयाच्या बाबतीत वेगळा नियम का लावावा?

उरतो तो काळाचा आक्षेप. नावे देण्याचा आग्रह आजचा, त्या काळी तशी रीत नव्हती, मागच्यांना आजच्या मापाने मोजू नये, असे म्हटले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. ग्रिम बंधूंनी १८१९ च्या आवृत्तीत डोरोथिया फीमान या आपल्या कथा सांगणाऱ्या बाईचे चित्र छापले होते. रशियात १८७१ च्या उन्हाळ्यात अलेक्सांद्र हिल्फेर्डिंग ओनेगा सरोवराच्या परिसरात गेला, वीरगाथा गाणाऱ्या शेतकऱ्यांकडून त्या उतरवून घेतल्या, आणि १८७३ मध्ये निघालेल्या त्याच्या ग्रंथात गाथा विषयवार न लावता गायकांच्या नावांनुसार लावल्या. एकेका गायकाचा बाज वेगळा, हे त्याशिवाय कळणार नाही, हे त्याने ओळखले होते. त्याच सुमारास बार्सोवने इरिना फेदोसोवा या शोकगीते गाणाऱ्या बाईच्या रचना प्रसिद्ध केल्या. पुढे ती रशियाभर नावाजली गेली. १९२६ मध्ये मार्क आझादोव्स्कीने सायबेरियातल्या एका कथाकार बाईवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. ज्या भाषेतल्या कथा रॅल्स्टनने इंग्रजीत नेल्या, तिथल्याच अभ्यासकांनी सांगणाऱ्याचे नाव हा अभ्यासाचा पाया केला. आणि मेरी फ्रिअरने तर १८६८ मध्येच अ‍ॅनाचे नाव छापले, तिला स्वतःच्या तोंडून बोलू दिले, पुढच्या आवृत्तीत तिच्या मृत्यूची नोंदही घेतली. १८८७ साली पुण्याजवळ गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये अ‍ॅना वारली. ती इमारत आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मेरी १९११ पर्यंत जगली. मेरीला जे सुचले होते ते नंतरच्यांना सुचले नाही, असाच याचा अर्थ होतो.

नंतर काय झाले पाहा. १९१४ मध्ये सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने आपल्याकडच्या व्रतांच्या कहाण्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने इंग्रजीत आणल्या. चित्रे धुरंधरांची, आणि ती सुंदर आहेत. श्रावणात पाटावर बसून या कहाण्या पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या बायकांपैकी एकही त्या पुस्तकात नावानिशी नाही. १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचा मोठा संग्रह निघाला. साहित्य जमवले होते ए. एम. टी. जॅक्सन यांनी, ज्यांची १९०९ मध्ये नाशिकला हत्या झाली, संपादन आर. ई. एन्थोव्हेन यांचे. प्रश्नावली गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेली होती, आणि उत्तरे देणाऱ्यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी ‘शाळामास्तर, अमुक गाव, ठाणे’ असा येतो. गाव छापले, हुद्दा छापला, माणूस गाळला. आज जो पालघर जिल्हा आहे तो त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होता. गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून, त्यांच्या बोलीतले ऐकून, सरकारी कामाच्या भाषेत बसवणारे हे मास्तर म्हणजे अ‍ॅनाचेच भाऊबंद. अ‍ॅनाला निदान मेरी मिळाली.

हा विषय पालघर जिल्ह्यातल्या तारापुरात बसून मांडण्याचे कारण इथेच आहे. तारापूर ते डहाणू या पट्ट्यात घराघरात भाषा बदलते. मांगेल्यांची बोली वेगळी, वाडवळांची वेगळी, पारशांची गुजराती वेगळी, आणि रेल्वेच्या पूर्वेला गेले की वारली. किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल १७३९ पर्यंत होता, त्यामुळे डिसोझा हे आडनाव वसईपासून गोव्यापर्यंत कोणाला परके वाटत नाही. आता बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने आणखी भाषा आणल्या. वारल्यांच्या कथा इंग्रजीत जाऊ लागल्यालाही बराच काळ लोटला. के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ १९४५ चा, यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रे आणि त्यांमागच्या पुराणकथांवरचा ग्रंथ १९८८ चा. लग्नाच्या चौकात पालघाट देवीपुढे गाणारी धवलेरी आणि घांगळीच्या साथीने कणसरी या धान्यदेवीची कथा सांगणारा भगत यांच्या तोंडची ही संपत्ती आहे. चित्राच्या बाजूने एक चांगली गोष्ट घडली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर गेले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ‘एक वारली चित्र’ म्हणणे संपून ‘मशे यांचे चित्र’ म्हणणे सुरू झाले. शब्दांच्या बाजूने तसे झालेले नाही. वारली कथा म्हटले की आजही ती कोणाची तरी नसतेच, जमातीची असते. आणि ती वारलीतून मराठीत सांगणारा दुवा, बहुधा आश्रमशाळेत शिकलेला नातू किंवा नात, तर कुठेच नसतो. घरी वारली, शाळेत मराठी, पुढे इंग्रजी अशी ही मुले वाढतात. आजीचे म्हणणे पाहुण्याला समजावून सांगताना त्यांच्याकडून जे घडते ते अ‍ॅनाने तंबूत केले तेच.

कथा जमातीची असते, तिला एका माणसाचे नाव लावणे म्हणजे सामूहिक धनावर एकाची मालकी सांगणे, ही शंका आदिवासी भागात काम करणारे लोक नेहमी काढतात आणि ती सद्भावनेनेच काढतात. कथेची मालकी आणि सांगण्याचे श्रेय या गोष्टी अलग ठेवल्या तर शंका उरत नाही. कणसरीची कथा सर्व वारल्यांची आहे. पण अमुक भगताने अमुक रात्री ती जशी सांगितली, ते सांगणे त्याचे आहे, आणि ते मराठीत ज्याने आणले ते आणणे त्याचे. पंचकिनची कथाही अ‍ॅनाच्या मालकीची नव्हती. कोशेईच्या देशापर्यंत तिचे गणगोत पसरले आहे. इंग्रजी ‘पंचकिन’ मात्र तिची होती.

म्हणून या जिल्ह्यात आज जे कोणी ध्वनिमुद्रण करत आहेत, शाळांमधून गोष्टी जमवत आहेत, त्यांना माझी विनंती आहे की चार गोष्टी पहिल्या पानावर लिहा. सांगणाऱ्याचे नाव, त्याची संमती असेल तर. गाव. कोणत्या बोलीत सांगितले. आणि मध्ये बसून दुसऱ्या भाषेत कोणी आणले. चौथी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि ती एकदा राहिली की नंतर भरून काढता येत नाही.

वाचकालाही एक सांगणे आहे. मूळ पुस्तकात अ‍ॅनाचे निवेदन गव्हर्नरसाहेबांच्या लांबलचक प्रस्तावनेच्या मागे गेले आहे. तुम्ही तो क्रम पाळू नका. आधी अ‍ॅनाचे निवेदन वाचा, मग ‘पंचकिन’ काढा, आणि सर बार्टल यांची प्रस्तावना सवडीने, सगळ्यांत शेवटी वाचा.